आठ वर्षांचा लॅपटॉप: दुरुस्तीवर पैसे घालावेत की नवीन घ्यावा?

मृद्गंध

मंडळी, सल्ला हवाय.

घरचा लॅपटॉप २०१८ मध्ये घेतलेला. इंटेलचा आय-५ प्रोसेसर, सातवी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. तेव्हा ५० हजारांच्या आसपास पडला होता. आताची तब्येत अशी: बटण दाबून चहा टाकावा, तो गाळून होईपर्यंत डेस्कटॉप दिसत नाही. चार्जर काढला की पंधरा-वीस मिनिटांत डोळे मिटतो. डावीकडची बिजागरी उघडताना कडकड वाजते आणि तिथलं प्लास्टिक फाकतं. टचपॅडही हल्ली दाबला जात नाही, पण मी माउसच वापरते, त्यामुळे त्याचं काही नाही.

इथे कऱ्हाडात एका दुकानात दाखवला. त्यांनी कागदावर लिहून दिलं: बिजागरी आणि बॉडी ४,८००, बॅटरी ३,२००, हार्ड डिस्कऐवजी ५१२ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून ४,५००, अजून ८ जीबी रॅम ४,०००. एकूण १६,५००. आणि वर म्हणाले, "मॅडम, एवढ्यात थोडे घालून नवीनच घ्या की." थोडे म्हणजे तीस हजार!

काम काय, तर शाळेच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये, झूमवर मीटिंगा आणि यंदा लेकीचे प्रवेशाचे अर्ज. गेम वगैरे कोणी खेळत नाही. काय करू?

बायनरी_बंड्या

भंगारात द्या. सातव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढे लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मेलेल्या घोड्यावर १६,५०० कशाला? ४५-५० हजारांत नवा येतो, पाच वर्षं बघायला नको.

कोपरखळी

बंड्या, तू दर दोन वर्षांनी लॅपटॉप बदलतोस कारण तो कंपनी देते. आमच्याकडे लॅपटॉप आधी नवऱ्याला, मग मुलाला, मग सासूबाईंच्या भजनांना आणि शेवटी मांजराला बसायला, अशा क्रमाने निवृत्त होतो.

अण्णा_डोंबिवली

आमचा सरळ नियम आहे. दुरुस्ती नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त गेली तर नवा, कमी असेल तर दुरुस्ती. इथे १६,५०० म्हणजे तिसरा हिस्सा. करून टाका.

जमाखर्च

अण्णा, तुमचा नियम सोपा आहे पण त्यात वस्तूची आजची किंमत येतच नाही. आयकराच्या हिशेबात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. ५० हजारांचा लॅपटॉप पहिल्या वर्षाअखेर ३०,०००, मग १८,०००, मग १०,८००, मग ६,४८०... आठव्या वर्षाअखेर पुस्तकात उरतात साधारण ८४० रुपये. म्हणजे ताई ८४० रुपयांच्या वस्तूवर १६,५०० खर्च करायला निघाल्यात.

कोपरखळी

या न्यायाने आमच्या लग्नाची पुस्तकी किंमत काय येते ते विचारत नाही.

खटपट्या

इचलकरंजीत दुकान आहे माझं, रोज पाच-सहा लॅपटॉप उघडतो, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं, १६,५०० हा आकडा एकत्र बघू नका. चार वेगवेगळी कामं आहेत आणि चारही आत्ता करायलाच हवीत असं नाही. मी गिऱ्हाइकाला विचारतो, यातला कुठला पैसा या मशीनबरोबर मरणार आणि कुठला मागे उरणार? एसएसडी उरते. अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्या मापाची आणि जोडणीची) असेल तर उद्या लॅपटॉप गेला तरी दोन-चारशेच्या यूएसबी केसमध्ये घालून वापरता येते. बॅटरी आणि बॉडी मरतात, त्या दुसऱ्या कशालाच बसत नाहीत. रॅमही मरते असंच धरा, कारण तुमच्यात बहुतेक डीडीआर-४ असेल आणि नव्यांत बहुतेक डीडीआर-५ येते किंवा बोर्डावरच सोल्डर केलेली असते.

दुसरं, बिजागरी. आम्ही हिंज म्हणतो. हिंज सहसा तुटत नाही, ती ज्यात बसवलेली असते ते प्लास्टिक तुटतं. कीबोर्ड बसतो त्या पॅनेलला आमच्या धंद्यात सी पॅनेल म्हणतात, खालच्या तळाला डी. सी पॅनेलमध्ये प्लास्टिकच्या बारीक खुंट्या असतात, त्यांत पितळी नट गरम करून बसवलेले असतात. हिंजमधलं ग्रीस वाळलं की ती जाम होते. मग झाकण उघडताना सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो आणि एक दिवस नट खुंटीसकट उपटून येतो. तुमची जी कडकड आहे ना, ती तीच. नुसतं पॅनेल बदललं आणि हिंज सैल केली नाही तर सहा महिन्यांत नवं पॅनेलही तसंच फाटतं. दुकानदाराला हे नक्की विचारा.

पॅनेल न बदलता फॅब्रिकेशनही होतं. तुटलेल्या खुंट्या साफ करून, नट परत जागेवर धरून, इपॉक्सीने भरून घेतात. काही जण आरपार स्क्रूही मारतात. दिसायला ओबडधोबड, पण चांगल्या हाताने केलं तर टिकतं. इकडे हजार-दीड हजारात होतं.

आणि तोवर झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका. दोन्ही हातांनी, मधून. स्क्रीनची केबल त्याच हिंजच्या बाजूने वर जाते, ती तुटली की आणखी खर्च.

मृद्गंध

खटपट्यादादा, इतकं समजावून कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आमच्या दुकानदाराने लुबाडायला काढलं होतं का?

खटपट्या

नाही हो ताई. नवं पॅनेल मागवायचं तर तेवढे पडतात. त्याने दुसरा पर्याय सांगितला नाही इतकंच. फॅब्रिकेशन उद्या सुटलं तर गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं, म्हणून पुष्कळ जण त्या वाटेला जातच नाहीत.

पिंपळपान

एसएसडी टाका आणि बघा जादू. बाकी काही करू नका.

सोलापुरी_चादर

+१. माझा तर २०१४ चा आहे. एसएसडी टाकल्यापासून पळतोय.

बायनरी_बंड्या

पळतोय, पण दार उघडं टाकून पळतोय. सुरक्षेचे अपडेट नसताना त्यावर नेट बँकिंग करता का? मुद्दा वेगाचा नाही हो.

टंकनिका

बंड्या, अपडेटचं भूत सगळ्यांनाच लागू होत नाही. माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीचे अहवाल. माझ्याकडे विंडोज एक्सपीचं एक मशीन आहे, त्यावर पानं मांडायला पेजमेकर ७ आणि मराठी फाँटसाठी श्रीलिपी, मागे डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची चावी) लावलेलं. इंटरनेटची वायरच नाही त्याला. पंधरा-वीस वर्षांच्या फायली त्या फाँटमध्ये आहेत. युनिकोडमध्ये बदलून घेतल्या की रफार आणि जोडाक्षरं कुठेतरी गडबडतातच, सगळं पुन्हा वाचावं लागतं. ते मशीन बंद पडलं तर मी त्याचा कपॅसिटर बदलून आणते. लोक हसतात. हसू देत.

अण्णा_डोंबिवली

टंकनिका, त्या फायलींची आणखी एक प्रत तरी आहे ना कुठे?

टंकनिका

दोन आहेत, अण्णा. एक माहेरी.

जमाखर्च

माझ्या वरच्या घसाऱ्यावरून गैरसमज नको. पुस्तकी किंमत शून्याजवळ गेली म्हणून वस्तू निकामी होत नाही. आमच्या ऑफिसात तसली तीन मशीनं रोज राबतात.

विंडोज १० बद्दल: मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवलेत. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याचे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. तेवढी मुदत तर मिळाली.

निवांत

आणि त्यानंतर लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम! ८ जीबी रॅमवर मस्त चालतं, देवनागरी नीट दिसते, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण मांडणी) कीबोर्ड आतच असतो. पेनड्राइव्हवर घालून, इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं. वायफाय, कॅमेरा, आवाज, प्रिंटर चालतो का ते आधी तपासायचं, आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यायचा.

बायनरी_बंड्या

आला! निवांत, या धाग्यात तुला यायला किती वेळ लागतो याचीच वाट बघत होतो.

जमाखर्च

लिनक्सला माझा विरोध नाही. पण सोसायटीचा हिशेब उद्या टॅलीत न्यायचा असेल किंवा डिजिटल सहीचं टोकन लावून काही भरायचं असेल, तर ऐन शेवटच्या तारखेला डोक्याला हात लावून बसाल. त्यासाठी विंडोजचं एखादं मशीन हाताशी असू द्या.

निवांत

हे मान्य. टोकनांचं खरंच रडगाणं आहे.

मृद्गंध

मी नेहमीच्या फोनेटिकने (इंग्रजी अक्षरांवरून मराठी) टाइप करते, मिंटमध्ये ते जमेल का?

निवांत

जमेल, पण वेगळं पॅकेज घालावं लागतं आणि कळांची मांडणी थोडी वेगळी निघते. प्रश्नपत्रिका वर्डमध्ये मांडलेल्या असतील तर त्या लिबर ऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) उघडून तक्ते आणि समास नीट राहतात का तेही बघा. परीक्षेच्या तोंडावर हा प्रयोग करू नका, मे महिन्यात करा.

ल्योनकर

फ्रान्समध्ये राहतो. इथे १ जानेवारी २०२१ पासून दुकानात लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण लिहावे लागतात. सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, खोलायला किती सोपा, माहितीपुस्तिका उपलब्ध आहेत का, असे निकष. घेताना मी तेच बघून घेतला. आपल्याकडे असं काही आहे का?

अण्णा_डोंबिवली

ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं पोर्टल काढलंय. कंपन्यांची सर्व्हिसची आणि सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी मिळावी हा हेतू. गुणांची पाटी मात्र नाही. आपल्याकडे गुण द्यायचे तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्ती कारागिरांना बसवावं. मॉडेलचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं की दोन गुण कापायचे.

कोपरखळी

आणि "याचा पार्ट येत नाही साहेब" म्हणाले की शून्य.

बायनरी_बंड्या

बरं, नवा नको तर रिफर्बिश्ड (वापरलेला, नीट करून पुन्हा विकायला काढलेला) घ्या. कंपन्या तीन-चार वर्षांच्या लीजवर घेतलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बाहेर काढतात. दहाव्या-अकराव्या पिढीचे २२-२८ हजारांत मिळतात. त्यांची बॉडी आणि हिंज घरगुती लॅपटॉपपेक्षा कितीतरी दणकट असते. विंडोज ११ चालतं. १६,५०० घालण्यापेक्षा हे बरं.

खटपट्या

बंड्यांशी इथे सहमत, पण घेताना दुकानात उभं राहून या गोष्टी बघा. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) शिरून पासवर्ड मागतो का. मागत असेल तर सोडून द्या, दुकानदार "नंतर काढून देतो" म्हणाला तरी. विंडोज कोऱ्यापासून टाकायला लावा आणि नेटला जोडा. कोणत्या तरी कंपनीच्या नावाने लॉगिन मागायला लागला तर ते मशीन अजून त्यांच्या नोंदीत आहे, ते तुमचं कधीच होणार नाही. मग बॅटरीचा रिपोर्ट काढा. पांढरा पडदा लावून स्क्रीनवर डाग बघा. जीएसटीचं बिल घ्या.

सोलापुरी_चादर

बॅटरीचा रिपोर्ट म्हणजे?

खटपट्या

कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट (अर्थातच इंग्रजीत टाइप करा). एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्याखाली गेला असेल तर बॅटरी गेलीच म्हणून समजा. मृद्गंधताई, तुमचाही काढा. हार्ड डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा आणि वर कुठला रंग दिसतो ते सांगा.

मृद्गंध

काढले. बॅटरी: डिझाइन ४१,०४०, फुल चार्ज १३,९००. डिस्कला पिवळ्या रंगात "कॉशन" आहे. रिअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी पिवळ्या आहेत.

खटपट्या

ताई, मग आधी दुरुस्ती-नवा हा प्रश्न बाजूला ठेवा. आज रात्री प्रश्नपत्रिका, हिशेब, लेकीची कागदपत्रं, फोटो, या क्रमाने दुसरीकडे कॉपी करा. डीफ्रॅग (डिस्कवरच्या फायलींची फेरमांडणी) नको, डिस्क तपासणी नको, अँटीव्हायरसचं पूर्ण स्कॅनही नको. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कला ती जागा नीट वाचता येत नाहीये. तिला जास्त पळवू नका. तुमचा लॅपटॉप संथ आहे तो वयामुळे असं वाटतं, पण निम्मं कारण हे असणार. एकच सेक्टर पुन्हापुन्हा वाचायच्या प्रयत्नात अडकत असेल.

रॅम सध्या विसरा. तुमच्या कामाला ८ जीबी पुरेशी आहे आणि भाव चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला घेतल्यापासून आमच्याकडे दर आठवड्याला वेगळा भाव येतो. मायक्रॉनने तर क्रुशल नावाने होणारी किरकोळ विक्रीच बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. एसएसडीही महागतेय, त्यामुळे घ्यायचीच असेल तर लांबवू नका.

तापकीरगल्ली

एवढे सगळे बोलले, पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य कोणी वाचलं नाही का? "टचपॅडही हल्ली दाबला जात नाही."

ताई, बहुतेक पातळ लॅपटॉपांत बॅटरी टचपॅडच्या बरोबर खाली असते. ती फुगली की टचपॅड खालून वर ढकलला जातो आणि त्याची टिकटिक बंद होते. सपाट टेबलावर ठेवून बघा, लॅपटॉप चार पायांवर बसतोय की डुलतोय? टचपॅडची कड आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा वर आलीय का?

खटपट्या

अरे देवा, बरोबर! माझ्या नजरेतून सुटलं ते.

मृद्गंध

डुलतोय. पट्टी आडवी ठेवून बघितली, टचपॅडची मधली बाजू वर आलीय. उजवीकडे तळाच्या फटीतून आतलं दिसतंय. आता भीती वाटायला लागली.

तापकीरगल्ली

घाबरू नका, पण उद्यावर टाकू नका. आत्ता बंद करा, चार्जर काढा, गादीवर-सोफ्यावर न ठेवता फरशीवर ठेवा. त्यावर वजन ठेवू नका, झाकण दाबून फट बुजवायचा प्रयत्न करू नका. फुगलेली बॅटरी टोचली किंवा वाकली तर आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. कॉपीचं काम बॅटरी काढल्यानंतर. सकाळी दुकानात नेऊन आधी बॅटरी काढायला सांगा. चार्जरवर तसाही चालेल, फक्त लाइट गेली की बंद पडेल.

बायनरी_बंड्या

काही मॉडेलं बॅटरी काढली की वेग कमी करतात, ते लक्षात ठेवा. "आणखीच हळू झाला" म्हणून घाबरू नका.

मृद्गंध

मंडळी, अपडेट द्यायला चार दिवस लागले.

दुकानात उघडल्यावर तिन्ही सेल उशीसारखे फुगलेले निघाले. दुकानदारालाही धक्का बसला, पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यांनी उघडलाच नव्हता. बॅटरीने खालून रेटून सी पॅनेलही वाकवलं होतं, त्यामुळे तळाचे दोन स्क्रू सुटले होते. बिजागरीचं फॅब्रिकेशन करतील का विचारलं, तर आधी नाहीच म्हणाले. मग खटपट्यादादांची पोस्ट मोबाइलवर दाखवली. वाचून हसले आणि १,४०० मध्ये करून दिलं. हिंजचे नटही सैल केलेत, आता एका बोटाने झाकण उघडतं.

डेटा त्यांच्याकडेच बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला. दोन वर्षांपूर्वीचे काही फोटो वाचता आले नाहीत, बाकी सगळं आलं. एसएसडी टाकली. रॅम नाही. बॅटरी नवी घातली, ३,२०० ची, सहा महिन्यांची वॉरंटी आहे.

१६,५०० ऐवजी डेटाच्या कामासकट ९,६०० झाले. आता चहा टाकायला उठेपर्यंत लॅपटॉप तयार.

जमाखर्च

९,६०० मधले एसएसडीचे साडेचार हजार पुढच्या मशीनलाही कामाला येतील. वाईट नाही.

बायनरी_बंड्या

ऑक्टोबर २०२६ नंतर काय?

मृद्गंध

मे महिन्यात निवांत म्हणतात तसं मिंट पेनड्राइव्हवर लावून बघणार. प्रश्नपत्रिका नीट उघडल्या तर तेच. नाही उघडल्या तर दिवाळीत तुम्ही सांगितलेला रिफर्बिश्ड, आणि हा लेकीला कोडिंग शिकायला. तिने आत्ताच त्यावर स्टिकर चिकटवून हक्क सांगितलाय.

एक शंका राहिली. फुगलेली बॅटरी दुकानदाराने मलाच पिशवीत घालून परत दिली. ती कुठे टाकायची? घंटागाडीत द्यायला मन होत नाही.

तापकीरगल्ली

घंटागाडीत अजिबात नको. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा आग लागते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. नाहीतर नगरपालिकेत ई-कचरा संकलनाची चौकशी करा. तोवर तारांच्या टोकांना चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका. गच्चीत सावलीला, कपड्यांच्या दोरीपासून लांब.

कोपरखळी

आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा "खाऊ नाही". आमच्याकडे पत्र्याचा डबा दिसला की पोरं चकल्या शोधतात.

सोलापुरी_चादर

आत्ता माझा टेबलावर ठेवून बघितला. थोडासा डुलतोय हो...

खटपट्या

टेबल डुलत नाही ना ते आधी बघा. नसेल तर बंद करा आणि टचपॅडवर पट्टी ठेवून फोटो टाका.